काचेलाही पाणी लागते!

घरात काच फुटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणी फोडली?" काय फुटले, कोणाच्या पायात काच गेली का, या चौकश्या मागाहून. आधी आरोपी हवा! आणि फुटण्याच्या क्षणी जो सर्वांत जवळ असेल तो आरोपी ठरतो. बहुधा तो घरातला धाकटा असतो, नाहीतर भांडी घासायला येणाऱ्या बाई असतात. घरात नुकतीच सून आलेली असली तर मग विचारायलाच नको. तिच्या हातून आरसा तडकला किंवा हातातली बांगडी पिचकली, तर शकुन-अपशकुनाचीही भर पडते.

"मी नुसता हात लावला हो!" असे तो धाकटा रडकुंडीला येऊन सांगत असतो. त्याचे कोणी ऐकत नाही. पण वाचकहो, काचेविषयी थोडेबहुत वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की पुष्कळदा तो पोरगा अक्षरशः खरे बोलत असतो. काच त्याच्या हातात फुटली एवढेच खरे. ती फुटायला लागली होती कधीच. आणि तिला आतून पोखरणारा जो खरा गुन्हेगार, तो आपल्या घरात उजळ माथ्याने वावरतो. तो म्हणजे पाणी!

परगावी बदली होऊन गेलेला माणूस महिन्याभरात खंगला, तर आपण म्हणतो, "त्याला तिथले पाणी लागले." माणसाला लागते तसे काचेलाही पाणी लागते. ही कोटी नव्हे. मी मराठी शिकवतो, तेव्हा कोटी करण्याचा हक्क मला आहेच, पण हे वाक्य आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रथम माझ्या तोंडून ऐकले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "सर, हे अगदी बरोबर आहे. फक्त काचेला ते कुठे लागते ते तुम्हाला ठाऊक नाही." त्या दिवसापासून मोकळ्या तासाला त्यांनी माझी शिकवणी घेतली. हा लेख त्या शिकवणीचे फळ आहे.

कंदिलावरचा थेंब

पाणी आणि काच यांचे वैर आपल्या ओळखीचे आहे ते कंदिलामुळे. आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, पावसाची दोन्ही टोके लाभली आहेत. नगर शहरात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या धरणामागे घाटघर-रतनवाडीकडे जावे तर त्याच्या कैक पट! माझे आजोळ त्या अकोले तालुक्यातले. आषाढ-श्रावणात गोठ्यात जायचे तर हातात कंदील आणि डोक्यावर घोंगडीची खोळ. वाऱ्याचा झोत आडवा आला आणि एखादा थेंब तापलेल्या काचेवर पडला की 'टच्' असा बारीक आवाज होई. काचेवर नागमोडी रेघ उमटे आणि आजी म्हणे, "गेली!"

थेंब तो केवढा! त्याच्या वजनाने काच फुटेल हे शक्य नाही. होते ते असे. तापलेली काच किंचित प्रसरण पावलेली असते. थेंब पडला तेवढा ठिपका एकदम थंड होतो आणि आक्रसू पाहतो. भोवतालची गरम काच मात्र त्याला आक्रसू देत नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. लोहार लोखंडी धाव लालबुंद तापवतो, चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. धाव आक्रसते आणि चाकाला अशी आवळते की आरे करकरतात. तो ताण लोखंड सोसते, काचेला सोसत नाही. काचेचा हा स्वभावच आहे : तिला दाबा, ती पुष्कळ सहन करील, तिला ताणा, ती तडकेल.

म्हणून तर कंदिलाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी असते. महाराष्ट्रात कंदील म्हटला की जुन्या मंडळींना 'प्रभाकर' आठवतो. कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना उभा केला. वसाहतीचे नाव पडले ओगलेवाडी आणि कंदिलाचे प्रभाकर. त्यांच्या वडिलांचेही नाव तेच. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून तो फंड जमवला आणि लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले. एकेका पैशातून काचेची भट्टी पेटते, ही गोष्ट आजच्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. आता तो प्रभाकर कंदील माळ्यावर गेला, आणि काही घरांत तर दिवाणखान्यात शोभेला टांगला गेला.

गंमत अशी की, याच कंदिलावरच्या थेंबाने तिकडे अमेरिकेत स्वयंपाकघरात क्रांती केली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रेल्वेचे सिग्नलचे कंदील पावसात आणि बर्फात तडकत. सिग्नलची काच फुटली तर प्रश्न नुसत्या काचेचा नसतो, मागून येणाऱ्या गाडीतल्या उतारूंच्या जिवाचा असतो. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग येथील काच कारखान्याने उष्णतेने फारशी न फुगणारी काच तयार केली. त्या काचेत बोरॉनचा अंश होता. अशी बोरोसिलिकेट काच त्याआधीच जर्मनीत येना येथे ओटो शॉट यांनी सिद्ध केली होती. कॉर्निंगची काच इतकी टिकाऊ निघाली की कंदिलांचा खप उलट कमी झाला! मग तिचे विजेच्या बॅटऱ्यांसाठी डबे होऊ लागले. १९१३ साली त्या कारखान्यातले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांचे ओव्हनमधले मातीचे भांडे फुटले, म्हणून त्यांनी नवऱ्याकडे कारखान्यातले काहीतरी आणून द्या असा तगादा लावला. लिटलटनसाहेबांनी बॅटरीच्या डब्यांचे कापलेले बूड आणून दिले. त्यात बाईंनी केक भाजला आणि तो उत्तम झाला. १९१५ मध्ये ती भांडी 'पायरेक्स' नावाने बाजारात आली. आपल्याकडे १९६२ पासून बोरोसिलने अशीच काच घरोघर आणि शाळांच्या प्रयोगशाळांत पोचवली.

साधी काच उष्णतेने जेवढी वाढते, त्याच्या साधारण एक तृतीयांश ही काच वाढते. सारे रहस्य एवढेच. साध्या काचेच्या ग्लासला एकाएकी साठ-सत्तर अंशांचा फरक म्हणजे जिवावरचे दुखणे. नगरला डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तशा गारठलेल्या ग्लासात उकळता चहा ओतला तर हिशेब तुम्हीच करा. आतली बाजू फुगू पाहते, बाहेरची अजून गारच असते आणि ताणली जाते. ग्लास जितका जाड तितके हे अंतर अधिक. पुष्कळांना वाटते, जाड बुडाचा ग्लास मजबूत. हातातून पडण्याच्या बाबतीत असेलही. पण गरम चहाच्या बाबतीत तोच आधी दगा देतो, आणि बूड चकतीसारखे गळून पडते! एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचा पोऱ्या रिकामा झालेला गरम ग्लास तसाच गार पाण्याच्या बादलीत बुचकळतो. त्या ग्लासांच्या आयुष्याची कल्पना केलेली बरी.

न दिसणारी चीर

इथपर्यंत पाण्याचा दोष एवढाच की ते गार होते. माझी अशी समजूत होती की पाणी काचेच्याच तापमानाचे असले तर भांडणच मिटले. पण प्राध्यापकमहाशय म्हणाले, "खरी गोष्ट तर इथून पुढे सुरू होते."

ते मला कापडबाजारातल्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात घेऊन गेले. त्याने काचेवर पट्टी धरून हिरकणी ओढली. 'कर्र' असा आवाज झाला आणि केसासारखी रेघ उमटली. मग त्याने बोट ओले करून त्या रेघेवरून फिरवले आणि दोन्ही हातांनी किंचित वाकवताच काच सुरीने कापावी तशी दुभंगली. "ओले बोट का फिरवलेत?" मी विचारले. "सरळ तुटते साहेब. वडीलही असंच करायचे." कोणी रॉकेल लावतात, कोणी पाणी. जगभरच्या काचकामगारांत ही रीत जुनी आहे; तिचे कारण मात्र शास्त्रज्ञांना फार उशिरा कळले.

काचेतले अणू एकमेकांना किती बळाने धरून असतात याचा हिशेब केला, तर खिडकीची काच प्रत्यक्षात त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही मजबूत निघत नाही. बाकीचे बळ जाते कुठे? १९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानांवर संशोधन करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी उत्तर दिले. काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. काचेवर येणारा सगळा ताण त्या चिरांच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून ती उलते. ग्रिफिथ यांनी काचेचे ताजे, केसाहून बारीक तंतू ओढून ताणून पाहिले. अंगाला अजून ओरखडा न लागलेले ते तंतू जाड काडीच्या कित्येक पट मजबूत निघाले.

या चिरा येतात कुठून? पुसण्यातून, घासण्यातून, एका ग्लासात दुसरा ग्लास अडकवून ठेवण्यातून! काच चकचकीत दिसावी म्हणून आपण ती राखेने किंवा खरखरीत घासणीने घासतो, तेव्हा तिच्या अंगावर तिच्या मरणाच्या रेघा ओढत असतो. जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसण्याची आपली पद्धत त्या मानाने फारच शहाणपणाची.

आता त्या चिरेच्या टोकाशी पाणी काय करते ते पाहू. काच म्हणजे मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची हातात हात घातलेली रांग. चिरेच्या टोकाशी हे हात ताणलेले असतात. तिथे पाण्याचा एक रेणू शिरतो, स्वतः दुभंगतो आणि अर्धा एका बाजूच्या हाताला, अर्धा दुसऱ्या बाजूच्या हाताला जाऊन चिकटतो. दोघांचे हात सुटतात. चीर एका अणूने पुढे सरकते. मग पुढचे हात, पुढचा रेणू. जिथे ओढाताण नाही तिथे हाच रेणू जवळजवळ निरुपद्रवी असतो. ताणलेल्या नात्यातच तिसऱ्याचे फावते, हे रसायनशास्त्राला ठाऊक होण्याआधी आपल्या एकत्र कुटुंबांना ठाऊक होते!

या कामाला धो-धो पाऊस लागत नाही. हवेतला दमट अंश पुरतो. १८९९ सालीच ग्रेने नावाच्या फ्रेंच संशोधकाला दिसले होते की काच क्षणभर जेवढा भार पेलते तेवढा दीर्घकाळ पेलत नाही. महिनोन्‌महिने टिकायचे तर क्षणभराच्या भाराच्या निम्म्याहूनही कमी भार तिच्यावर हवा. आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या वीडरहॉर्न यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या साध्या काचपट्ट्या घेऊन, कमी-जास्त दमट हवेत चिरेचा वेग मोजून दाखवला. हवा जितकी दमट तितकी चीर वेगाने धावे. हा वेग इतका मंदही असू शकतो की तासाभरात चीर केसाच्या जाडीएवढीही सरकत नाही. पण सरकते. असे सरकता सरकता ती एका मर्यादेपर्यंत लांबली की मग पाण्याची गरज उरत नाही. उरलेली काच सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर या वेगाने दुभंगते. आपल्याला दिसतो तो हा शेवटचा क्षण, आणि त्या क्षणी जवळ उभा असतो धाकटा!

ताण अगदीच थोडा असेल तर मात्र चीर जागची हलत नाही. म्हणून तर जुन्या वाड्यांतली रंगीत तावदाने शंभर-शंभर वर्षे जागच्या जागी आहेत.

वाढलेली बांगडी

बांगडी फुटली असे आपल्याकडे म्हणत नाहीत. बांगडी वाढली म्हणतात. अमंगळ शब्द टाळण्यासाठी केलेली ही भाषेची युक्ती आहे. पण काय योग आहे पाहा! बांगडीचे खरोखर तेच होत असते. तिच्यातली चीर रोज थोडीथोडी वाढतच असते. कासारीण बांगड्या भरते तेव्हा हाताला साबणाचे पाणी लावते आणि बांगडी दाबून चढवते, म्हणजे ताण आणि पाणी दोन्ही एकाच वेळी. पुढे धुणे, भांडी, कणीक; बांगडीवर बांगडी आदळते, ओरखडे पडतात, आणि अंग सदा ओले. एके दिवशी साधी पोळी लाटताना ती दोन तुकडे होऊन ओट्यावर पडते. त्यात त्या मुलीचा दोष तो कोणता आणि अपशकुन तो कसला? सौभाग्याचा आणि सिलिकॉनचा काही संबंध नाही, हे निदान शिकलेल्या घरांत तरी मोकळेपणाने म्हटले जावे.

बांगडीने फार तर मनगट कापते. गोळीच्या सोड्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० नंतरच्या दशकात काढलेली ती बाटली आपल्याकडे अजून आवडीने फोडली जाते. (फोडली जाते हाही शब्द पाहा!) त्या बाटलीची दशा अशी की आतून वायूचा दाब काचेला अहोरात्र ताणत असतो आणि आत-बाहेर पाणी आहेच. लाकडी खोक्यात शेजारच्या बाटलीवर घासून घासून तिच्या पोटावर पांढुरका पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे शेकडो चिरांचे गाव. असली बाटली उन्हात ठेवली की आतला दाब आणखी वाढतो आणि पाण्याचे पोखरण्याचे कामही उष्णतेने वेग घेते. अशी फुटलेली बाटली डोळा घेऊन जाऊ शकते. पांढरा पट्टा पडलेली बाटली मुलांच्या हाती देऊ नये, आणि दुकानदाराने दिली तर परत करावी. त्यात संकोच कसला?

मोटार बाळगणाऱ्या वाचकांना नगर-मनमाड रस्ता माहीत असेलच. उसाच्या ट्रॉलीमागे जाताना एखादा खडा उडून समोरच्या काचेला लागतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडतो. माणूस म्हणतो, बघू पुढे. उन्हाळा कोरडा जातो, टवका तसाच राहतो. जूनच्या पहिल्या पावसात त्यात पाणी शिरते, खड्ड्यांचे हिसके बसतात, आणि आठवड्याभरात तो दाणा हातभर लांबीचा तडा होऊन बसतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतून गाडी धुणाऱ्याने तर हे काम एका मिनिटात उरकलेले असते. टवका कोरडा असतानाच भरून घेतला तर काच वाचते.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात पाणीही निर्दोष असते. न्हाणीघराची किंवा दुकानाची कडक केलेली काच कधीकधी मध्यरात्री, कोणी जवळ नसताना, साबुदाण्यासारखी चुरा होऊन पडते आणि घरातले लोक भुताखेतांचा विचार करू लागतात. काच बनताना तिच्यात निकेल सल्फाईडचा एखादा सूक्ष्म कण राहून गेलेला असतो. तो नेहमीच्या हवेत वर्षानुवर्षे हळूहळू फुगतो आणि काचेला आतून फोडतो. मेलबर्नमधल्या एका उंच इमारतीच्या काचा अशा गळू लागल्या, तेव्हा १९६१ मध्ये बॅलंटाइन यांनी हा चोर पकडला.

थंडीने काच फुटते, असे आपण सरसकट म्हणतो. फुटते ती एकाएकी झालेल्या बदलाने. नुसती थंडी तर काचेला मानवते! उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये काच ताणून पाहिली तर ती नेहमीपेक्षा दुपटीहूनही अधिक बळकट निघते. कारण तिथे पाणी असले तरी गोठून निश्चेष्ट पडलेले असते. त्याला चिरेच्या टोकाशी जाऊन कोणाचे हात सोडवण्याची शक्तीच उरत नाही.

आता आजीची एक गोष्ट सांगून टाकतो. कंदिलाची नवी काच आणली की ती लगेच लावत नसे. पातेल्यात गार पाणी घेऊन त्यात काच बुडवायची, मंद आचेवर पाणी उकळू द्यायचे आणि रात्रभर तशीच निवू द्यायची. पुष्कळ घरांत ही पद्धत होती. मी ती प्राध्यापकांना सांगितली तेव्हा मला वाटले ते उडवून लावतील. आरंभी त्यांनी तसेच केले. काचेतला जन्मजात ताण घालवायचा तर तिला पाचशे अंशांच्या वर तापवून अगदी सावकाश निववावे लागते. शंभर अंशांच्या पाण्याने काय होणार? फार तर कच्ची काच पातेल्यातच फुटेल आणि कंदिलात फुटायची वाचेल. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्याकडे आले. मोल्ड आणि साउथविक या अमेरिकन संशोधकांनी १९५९-६० मध्ये ओरखडे पाडलेल्या काचा कोणताही भार न देता पाण्यात ठेवून पाहिल्या होत्या. त्या पाण्यात राहून अधिक बळकट झाल्या! ताण नसताना पाणी चिरेचे टोक पुढे नेत नाही, ते तिची धार बोथट करते.

"म्हणजे आजी बरोबर होती?" मी विचारले.

"निम्मी," ते म्हणाले. "काच पाण्यात ठेवावी, पण ताणात असताना नव्हे."

तेव्हा या दिवाळीत फराळाच्या काचेच्या बरण्या माळ्यावरून काढाल तेव्हा त्या कोमट पाण्याने धुवा, राखेने घासू नका, पुसून उन्हात पालथ्या घाला. कढईतला चिवडा परातीत चांगला निवू द्या आणि मगच भरा. आणि एवढे करूनही एखादी बरणी धाकट्याच्या हातात तडकलीच, तर चौकशी त्याच्यापासून सुरू करू नका. आधी तिचे तुकडे उजेडात धरून तिच्या पोटावर पांढरा पट्टा दिसतो का ते पाहा.